गरीब विद्यार्थ्याचा जमाखर्च

(बिबवेवाडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाविद्यालये उघडण्याच्या दिवसांत मराठवाड्यातून, सोलापूर-नगरच्या दुष्काळी तालुक्यांतून, सातारा-सांगलीच्या कोरडवाहू पट्ट्यातून शेकडो मुले-मुली बिबवेवाडीत खोली शोधत फिरताना दिसतात. पुण्याच्या दक्षिणेचे हे एके काळचे खेडे. आज त्याच्या एका अंगाला गुलटेकडीचा मार्केट यार्ड आहे. तेथे हमाल पाठीवर पोती वाहतात आणि तोलणार माल तोलतात. दुसऱ्या अंगाला, अप्पर इंदिरानगरच्या चढावर, १९८३ साली स्थापन झालेले विश्वकर्मा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तर पलीकडे धनकवडीला भारती विद्यापीठाचा विस्तार आहे. श्रमाचा बाजार आणि विद्येचा बाजार एकमेकांना इतके खेटून असणारी वस्ती पुण्यात क्वचितच सापडेल. या दोहोंच्या मधल्या गल्ल्यांत, एका खोलीत चार-चार खाटा टाकून, विद्यार्थी राहतात. त्यांचा जमाखर्च हा या भाषणाचा विषय आहे.

विषय वरकरणी किरकोळ वाटेल. विद्यार्थ्याने काटकसरीने राहावे, हिशेब लिहावा, उधळपट्टी टाळावी, एवढे सांगितले की संपले, असे पुष्कळांना वाटते. वडीलधारी माणसे हा उपदेश नेहमीच करतात आणि तो खोटाही नाही. परंतु ज्याच्याजवळ उधळायला काही नाही त्याला काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला मिताहाराचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. तेव्हा प्रथम त्या मुलाची वही उघडून पाहणे अगत्याचे आहे.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याला घरून दरमहा ८,००० रुपये येतात. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला वा रोजंदारीवरच्या मजुराला ही रक्कम पोटाला चिमटा घेऊनच पाठवावी लागते. त्यातले ३,५०० रुपये कॉट बेसिसवरच्या खाटेला आणि विजेला गेले, ३,२०० रुपये खानावळीला गेले, म्हणजे १,३०० रुपये उरले. त्यात बसभाडे, फोन, झेरॉक्स, साबण, औषध आणि केस कापणे हे सर्व भागवायचे. परीक्षेचा अर्ज, सणाला गावी जाण्याचे एस. टी.चे तिकीट आणि आजारपण यांना या वहीत जागाच नाही. महिना सरतो तो हातउसन्यावर. पुढच्या महिन्याची सुरुवात ते उसने फेडण्यापासून होते.

अशा वहीत काटकसर कोठे करायची? खाट अर्धी करता येत नाही. बस सोडून पायी जाता येते, पण तेही एका मर्यादेपर्यंतच. राहता राहिली खानावळ. म्हणून हा विद्यार्थी एक वेळचा डबा बंद करतो. सकाळी चहा आणि बिस्किटे, दुपारी वडापाव, आणि रात्री काय ते जेवण. खानावळीतला ‘खाडा’ हा शब्द या मुलांच्या तोंडी फार असतो. गावी जाणार असल्याचे आधी सांगितले, तर तेवढ्या दिवसांचे पैसे वळते होतात, त्याला खाडा म्हणतात. गावी न जाताच खाडा धरणारी मुले प्रत्येक गल्लीत आहेत. एकट्याने केलेली काटकसर शेवटी पोटावर येते, आणि पोटावर आलेली काटकसर पुढे अभ्यासावर येते.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. ‘पूर्वीची मुले याहून गरिबीत शिकली आणि मोठी झाली. त्यांना कोणी काय दिले होते?’ या आक्षेपाचा नीट विचार केला पाहिजे, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. पूर्वीची मुले गरिबीत शिकली. परंतु त्यांना कोणी काही दिले नव्हते, हे मात्र इतिहासाला धरून नाही.

जुन्या पुण्यातील गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. आठवड्याच्या सात दिवसांना सात घरे ठरलेली असत. कित्येक मुले माधुकरी मागत. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने, म्हणजे पुढच्या पुणे विद्यार्थी गृहाने, अशाच निराधार मुलांची सोय केली. याचा अर्थ, त्या काळीही विद्यार्थ्याच्या भाकरीचा भार एकट्या विद्यार्थ्यावर नव्हता. सात कुटुंबे तो वाटून घेत होती. त्या व्यवस्थेत लाचारी होती आणि तिचा मोठा दोष असा की, ती जातीच्या कुंपणात होती. ज्याची सावलीही विटाळ मानली जाई त्याला पुण्यातल्या कोणत्या घरी वार मिळणार होता?

ते कुंपण ओलांडण्यासाठी बहुजनांच्या नेत्यांनी वसतिगृहाचा मार्ग काढला, आणि महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या मार्गाचे मोल फार मोठे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारायला चालना दिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले. साने गुरुजी स्वतः दापोली, औंध आणि पुणे असे वणवण करीत, अन्नाच्या विवंचनेत शिकले. पुढे अमळनेरच्या छात्रालयात त्यांनी मुलांवर जी माया केली तिचे मूळ त्या विवंचनेतच होते. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली आणि खेड्यांतून आलेल्या मुलांना निवारा, जेवण आणि कमवा व शिका यांची जोड दिली.

या सर्वांमध्ये एक समान सूत्र आहे. त्यांतील कोणीही विद्यार्थ्याला ‘तुझा तू हिशेब जमव’ असे सांगितले नाही. त्यांनी चूल एकत्र केली. शंभर मुलांचे धान्य एकदम घेतले की स्वस्त पडते, एका सरपणावर शंभरांचा स्वयंपाक होतो, मुले आळीपाळीने काम करतात आणि नोकराचा खर्च वाचतो. गरिबी तीच होती, पण ती वाटून घेतल्यामुळे तिच्यात शिकता आले. ‘पूर्वीची मुले’ म्हणून ज्यांचे दाखले दिले जातात, त्यांतील पुष्कळ मुले अशा सामुदायिक चुलीवर वाढलेली होती. ज्यांना ती चूल लाभली नाही त्यांची नावे कोणाच्याही चरित्रात सापडत नाहीत, कारण ती मुले शाळेतून परत शेताच्या बांधावर गेली.

स्वातंत्र्यानंतर हा भार शासनाने उचलावा, हे तत्त्व हळूहळू मान्य झाले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालीच, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, सुरू झाली होती. यशवंतराव चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना शुल्काची सवलत मिळाली आणि खेड्यापाड्यांतील एक पिढी महाविद्यालयात पोचली. पण १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. जागा वाढल्या, ही जमेची बाजू नाकारता येणार नाही. मात्र शिक्षणाचा खर्च समाजाच्या वहीतून उचलून कुटुंबाच्या वहीत लिहिण्याची प्रथा तेव्हापासून पडली. महाविद्यालये वाढली त्या प्रमाणात सार्वजनिक वसतिगृहे वाढली नाहीत. ती उणीव बिबवेवाडीसारख्या वस्त्यांतील घरमालकांनी आणि खानावळींनी भरून काढली. त्यांनाही दोष देण्यात अर्थ नाही. एक मजला वाढवून चार खाटा टाकणारा माणूस अनेकदा स्वतःच कर्जात असतो, आणि डबे करणाऱ्या बाईच्या संसाराची ओढाताण त्या विद्यार्थ्याहून वेगळी नसते.

आज शासन काय करते? सवलती आहेत, आणि त्या नाहीत असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हे स्वागतार्ह आहे. तथापि शुल्क माफ झालेल्या मुलीला पुण्यात राहायचे असते आणि दोन वेळा जेवायचेही असते. तो खर्च माफ होत नाही. घरात एकाच मुलाला पुण्यात ठेवणे शक्य असेल तेव्हा परत बोलावली जाते ती बहुधा मुलगीच, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही.

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. त्याच धर्तीवर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ आणि पुढे इतर मागासवर्गीयांसाठी ‘आधार’ योजना आली. स्वाधारमध्ये पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवले गेले. त्यात भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० रुपये. दहा महिन्यांचे वर्ष धरले तर भोजनाचे ३,२०० आणि निवासाचे २,००० रुपये महिन्याला पडतात. वर मांडलेल्या वहीशी ताडून पाहिले तर भोजनाची रक्कम जेमतेम जुळते, निवासाची जुळत नाही. असे असूनही ही रक्कम वेळेवर हाती आली तर विद्यार्थ्याचे वर्ष तरून जाईल.

पण खरी मेख ‘वेळेवर’ या शब्दात आहे. विद्यार्थ्याच्या अंदाजपत्रकात ‘किती’ या प्रश्नाइतकाच ‘केव्हा’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो. खोलीची अनामत, महाविद्यालयाचे शुल्क, खानावळीचा आगाऊ महिना आणि पुस्तके हे सारे खर्च जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत येतात. याच तीन महिन्यांत शेतकऱ्याने बी-बियाणे आणि खते यांत होते नव्हते ते घातलेले असते. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास विकले जाते, उसाचे बिल हिवाळ्यात सुरू होते. शिष्यवृत्तीचा अर्ज पावसाळ्यानंतर भरला जातो, त्यात त्रुटी निघतात, दाखला पुन्हा मागवला जातो, आधारशी जोडलेले खाते बंद निघते आणि पैसे येतात ते अनेकदा परीक्षा तोंडावर आल्यावर, कधी कधी पुढच्या वर्षी. दरम्यानच्या काळात जे उसने घेतले असेल त्यावर चढलेले व्याज कोणत्याही योजनेत धरलेले नसते.

हाती एकरकमी पैसा नसला की स्वस्त वस्तूही महाग पडते. जून २०२५ मध्ये पीएमपीएमएलचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. महिन्याचा पास घेणाऱ्याला प्रवास स्वस्त पडतो, पण पासाची रक्कम एकदम भरता न येणारा मुलगा रोजचे तिकीट काढून अधिक पैसे देतो. पंधरा किलो तांदूळ एकदम घेणाऱ्यापेक्षा पावशेर घेणारा जास्त भाव मोजतो. अनामत भरू न शकणाऱ्याला वाईट खोली मिळते आणि तीही चढ्या भाड्याने. गरिबीवर बसणारा हा एक न दिसणारा कर आहे.

या संदर्भात ऊस उत्पादकांचे उदाहरण उद्बोधक आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत किमान दर दिला पाहिजे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज दिले पाहिजे. हा नियम सर्वत्र पाळला जातो असे नाही, परंतु त्याच्या आधारे शेतकरी भांडू शकतो, कारखान्याच्या दारात बसू शकतो. शिष्यवृत्तीला उशीर झाला तर मात्र विद्यार्थ्याला कोणीही व्याज देत नाही. उसाच्या बिलाला तारीख आहे, मग त्याच शेतकऱ्याच्या मुलाच्या शिष्यवृत्तीला का नसावी? ही मागणी साधी आहे, आणि कोणत्याही सरकारला ती तत्त्वतः नाकारता येणार नाही.

दुसरा प्रश्न रोख रक्कम की शिजलेले अन्न, हा आहे. २०१८ साली आदिवासी विकास विभागाने शहरांतील वसतिगृहांच्या खानावळी बंद करून भोजनाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचे ठरवले. त्याविरुद्ध त्या वर्षी जुलै महिन्यात आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. पैसे नाकारून जेवण मागणारी मुले पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटले. वस्तुतः त्या मुलांना अर्थशास्त्र अधिक कळले होते. पैसे उशिरा आले तर भूक थांबत नाही. घरून निकडीचा निरोप आला तर खात्यातले जेवणाचे पैसे गावी पाठवले जातात. आणि चूल मोडली की पंगत मोडते, पंगत मोडली की एकमेकांची विचारपूसही संपते. शासनाची बाजू अगदीच निराधार होती असे नाही. ठेकेदाराच्या खानावळीत निकृष्ट अन्न मिळते, ही तक्रार विद्यार्थ्यांचीच होती. परंतु ठेकेदार वाईट निघाला म्हणून चूलच बंद करणे, हा त्यावरचा उपाय होत नाही. खानावळीचा कारभार विद्यार्थ्यांच्या समितीकडे सोपवणे, हा उपाय होता आणि आजही आहे.

खानावळीच्या बिलाला क्षुद्र समजणाऱ्या राज्यकर्त्यांनी गुजरात विसरू नये. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयात वसतिगृहाच्या भोजनाचे दर वाढले आणि मुले रस्त्यावर आली. त्यातून नवनिर्माण आंदोलन पेटले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये चिमणभाई पटेल यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. तेथील मुलांना एवढेच उमगले होते की, आपल्या ताटातली महागाई आणि बाजारातली महागाई एकच आहे. ज्या दिवशी हे उमगते त्या दिवशी जमाखर्चाची खासगी वही सार्वजनिक कागदपत्र बनते.

आता बिबवेवाडीपुरता विचार. येथे सामुदायिक चुलीचा धडा शोधायला दूर जावे लागत नाही. हाकेच्या अंतरावर मार्केट यार्डात हमाल पंचायतीचे काम आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमालांनी संघटना बांधली, १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या श्रमाला संरक्षण दिले आणि १९७४ साली हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. ना नफा ना तोटा या तत्त्वावर श्रमिकाला पोटभर, स्वच्छ अन्न देणारी ही चूल दुष्काळ आणि महागाईच्या दिवसांत पेटली. पाठीवर शंभर किलोचे पोते वाहणाऱ्या माणसाला जे जमले ते खांद्यावर पुस्तकांची पिशवी घेणाऱ्याला का जमू नये?

कार्यकर्त्यांनी हाती घ्यावीत अशी कामे मोठी नाहीत, पण ती चिकाटीची आहेत. पहिले काम अर्जांचे. शिष्यवृत्ती आणि स्वाधार यांचे अर्ज उघडतात त्या आठवड्यात वस्तीतल्या एखाद्या अभ्यासिकेत रोज संध्याकाळी दोन तास बसावे, दाखले तपासावेत, आधार आणि खाते जोडलेले आहे की नाही ते पाहावे आणि प्रत्येक अर्जाची तारीख एका वहीत लिहावी. ही वहीच पुढे समाज कल्याण कार्यालयात पुरावा म्हणून उपयोगी पडेल. कोणाचा अर्ज कधी गेला आणि पैसे कधी आले, याची नोंद हाती नसल्यामुळेच आजवरच्या तक्रारी वाऱ्यावर गेल्या.

दुसरे काम चुलीचे. वीस-पंचवीस विद्यार्थी एकत्र आले तर भाजी-धान्य मार्केट यार्डातून घाऊक भावाने घेता येते. स्वयंपाकासाठी वस्तीतील बचत गटातील बायकांना रास्त मजुरी द्यावी. मुलांचे अन्न स्वस्त व्हावे म्हणून बायकांचे श्रम स्वस्त करणे हे समाजवादी माणसाला शोभणारे नाही. बचत व्हायची ती घाऊक खरेदीत, मधला नफा टाळण्यात, आणि भांडी घासणे, दळण आणणे ही कामे मुलांनी स्वतः करण्यात व्हावी.

तिसरे काम निधीचे. वरच्या वर्गातून उत्तीर्ण होऊन नोकरीला लागलेल्या मुलांकडून वर्गणी घेऊन एक छोटा फिरता निधी उभारावा. त्यातून अनामत, परीक्षेचा अर्ज आणि बसचा पास यांसाठी बिनव्याजी रक्कम द्यावी आणि शिष्यवृत्ती आली की परत घ्यावी. रक्कम लहान असेल, परंतु सावकारी उसनवारीचा पहिला फास त्यामुळे टळेल. वापरलेल्या पुस्तकांची पेढी याच निधीला जोडून चालवता येईल.

चौथे काम मागण्यांचे, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, कारण वरची तिन्ही कामे शासनाच्या जबाबदारीला पर्याय म्हणून करायची नाहीत. शिष्यवृत्तीला ठरलेली तारीख आणि उशिराला व्याज. निर्वाहाच्या रकमेची महागाईशी सांगड. शासकीय वसतिगृहांत विद्यार्थी समितीने चालवलेली खानावळ. आणि शहराच्या प्रत्येक शैक्षणिक भागात महापालिकेचे मुलींसाठी वसतिगृह. जून २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने दरमहा २०,००० रुपयांपर्यंतचे, सलग ९० दिवस राहणाऱ्यांचे वसतिगृह-भाडे करमुक्त करण्याची शिफारस केली. विद्यार्थ्याची खाट ही हॉटेलची खोली नव्हे, एवढे तरी त्यातून मान्य झाले. ती खाट सार्वजनिक जबाबदारी आहे, हे मान्य करून घेणे बाकी आहे.

विद्यार्थ्याने हिशेब जरूर लिहावा. मोबाइलवर आणि मित्रांच्या देखाव्यावर होणारा खर्च आवरावा, हेही खरे. शिस्त ही श्रीमंतांची मक्तेदारी नाही. मात्र ती वही लिहून झाली की त्याने ती शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या वहीशेजारी ठेवावी. दोन्ही वह्यांत तूट त्याच महिन्यांत, त्याच रकान्यांत आणि जवळजवळ तेवढीच असल्याचे त्याला दिसेल. शंभर वह्यांत एकच तूट आढळते तेव्हा ती शंभर मुलांच्या उधळेपणाची खूण राहत नाही, व्यवस्थेचा दोष ठरते. त्या मुलांना एका चुलीभोवती आणि एका मागणीभोवती आणणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे. ते आजच्या मोसमातच सुरू झाले पाहिजे, कारण यंदा अर्ध्या वर्षात गावी परतलेला विद्यार्थी पुढच्या वर्षी परत येईलच याची शाश्वती नाही.